शेत, पाणी आणि रान यांचे कैवारी: महात्मा जोतीराव फुले

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद्या सकाळीं नळास पाणी आलें नाहीं म्हणजे घरांत किती तारांबळ उडते, हें तुम्ही सर्वांनीं पाहिलें आहे. आई भरलेल्या घागरी मोजते, वडील शेजारीं चौकशी करितात, आणि धाकटा भाऊ मात्र आंघोळ चुकली म्हणून आनंदांत असतो. परंतु आपला नळ कोरडा पडला तरी शेजारच्या घरून एक कळशी आणण्यास आपणांस सहसा कोणी मज्जाव करीत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं याच शहरांत अशीं पुष्कळ माणसें होतीं कीं, भरलेला हौद डोळ्यांपुढें असूनही त्यांतील ओंजळभर पाणी घेण्याची त्यांस मोकळीक नव्हती. ज्या पुरुषानें आपल्या घरचा हौद अशा लोकांस खुला केला, आणि शेत, पाणी व रान यांचा सांभाळ कोणी व कसा करावा याचा पुढें वर्षानुवर्षें विचार केला, त्या जोतीराव फुले यांचें चरित्र या एका दृष्टीनें आज तुमच्यापुढें ठेवावयाचें योजिलें आहे. शाळा काढणारे जोतीराव तुम्हांस ठाऊक आहेत. मातीची काळजी वाहणारे जोतीराव तितके ठाऊक नाहींत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजीं झाला. त्यांचें घराणें मूळ सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवचें व आडनांव गोऱ्हे. हें माळ्याचें कुटुंब पुण्यास आलें, पेशव्यांच्या दरबारीं फुलें पुरवूं लागलें, आणि त्यावरून लोक त्यास फुले म्हणूं लागले. वडील गोविंदराव यांचा धंदा फुलांचा व भाजीपाल्याचा होता. जोतीराव एक वर्षाचे होण्यापूर्वींच त्यांच्या मातुःश्री चिमणाबाई वारल्या. नात्यांतील सगुणाबाई क्षीरसागर यांनीं त्यांस वाढविलें. सगुणाबाई एका मिशनरी गृहस्थाच्या घरीं मुलांचा सांभाळ करीत असत. त्यामुळें विद्येचें मोल त्यांस चांगलें कळलें होतें.

प्राथमिक शिक्षण होतें न होतें तोंच, माळ्याच्या मुलास अधिक शिकवून काय उपयोग, या दुसऱ्याच्या सांगण्यास भुलून गोविंदरावांनीं मुलास शाळेंतून काढिलें आणि मळ्यांत कामास लाविलें. हातांतली पाटी जाऊन खुरपें आलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं मुलाची बुद्धि पाहून वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. १८४७ सालीं तेथील इंग्रजी शिक्षण त्यांनीं पुरें केलें. शाळा सुटली त्या काळाची आपण हळहळ करितों. परंतु तीं वर्षें अगदींच वायां गेलीं असें म्हणवत नाहीं. वाफ्यांत पाणी कसें फिरतें, कोणती माती ओल धरिते व कोणती सोडिते, खत न मिळालेलें शेत कसें थकतें, हें ज्ञान पुस्तकांतून मिळत नाहीं. पुढें त्यांनीं शेतीविषयीं जें लिहिलें, त्यास या खुरप्याचा आधार होता.

१८४८ सालीं जोतीरावांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली व पत्नी सावित्रीबाई यांस शिक्षिका केलें. त्यापायीं दोघांनाही वडिलांचें घर सोडावें लागलें. ही कथा तुम्हीं वर्गांत वाचली आहे, म्हणून येथें विस्तारानें सांगत नाहीं. शाळेच्या वेळीं ज्या प्रश्नानें त्यांस घेरिलें होतें, तोच प्रश्न पुढें पाण्याच्या वेळीं त्यांच्यापुढें उभा राहिला, एवढेंच ध्यानांत ठेवावें. जी वस्तु सर्वांसाठीं आहे, तिजवर थोड्यांनींच पहारा कां बसवावा, असा तो प्रश्न होता.

त्या काळच्या पुण्यांतील पाण्याची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालून दगडी नळानें शहरांत आणिलें होतें. या नळांत कोठेंही यंत्र नव्हतें. कात्रज उंचावर आणि शहर उतारावर, एवढ्याच बळावर पाणी वाहात येई. वाटेंत ठिकठिकाणीं गाळ बसण्याची सोय होती, आणि शहरांत आल्यावर तें पाणी पेठांतील हौदांत पडे. कारागिरी उत्तम होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्या लोकांस सार्वजनिक हौदांवर पाय ठेवण्याची बंदी होती. कोणी दया येऊन वरून पाणी ओतील तेव्हां तें त्यांनीं घ्यावें, नाहींतर उन्हांत वाट पाहात बसावें. दगडचुन्याचें काम कितीही उत्तम असलें, तरी तहानलेल्यांतील एक भाग दूर ठेविला गेला म्हणजे ती व्यवस्था अपुरीच राहते.

१८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद या लोकांस खुला केला. आज आपणांस ही लहानशी गोष्ट वाटेल. त्या वेळीं ती फार मोठी होती. असें करणाऱ्यास जातीबाहेर टाकीत, त्याच्या घरीं कोणी जेवीत नसे, सोयरीक जुळत नसे. जोतीरावांनीं हें सर्व मनांत आणून मग दार उघडलें. त्यांनीं केवळ व्याख्यान दिलें असतें तर त्यांस कदाचित् इतका त्रास झाला नसता. परंतु व्याख्यानानें कोणाची घागर भरत नाहीं.

पोटासाठीं जोतीराव सरकारी बांधकामांचे ठेके घेत आणि शेती करीत. त्या सुमारास खडकवासल्यास मुठा नदीवर मोठें धरण बांधण्याचें काम चाललें होतें. पुण्याजवळच्या धरणाच्या या कामास लागणारा माल पुरविण्याचा ठेका जोतीरावांकडे होता. मांजरी येथें कालव्याच्या पाण्यावर ते बागाईतही करीत. म्हणजे धरण बांधतांना दगड कसा लागतो हें त्यांनीं पाहिलें, आणि कालव्याचें पाणी शेतापर्यंत पोंचतें कसें व अडतें कोठें, हेंही अनुभविलें. सुधारणेचे ते शत्रु नव्हते. धरण असावें, कालवा असावा, नवीं अवजारें यावीं, असेंच त्यांचें मत होतें. परंतु पाण्याचा दर भारी, पाणी सुटण्याची वेळ अनिश्चित, आणि कामगारांची मर्जी राखल्याशिवाय पाटाचें पाणी वेळेवर मिळत नाहीं, ही शेतकऱ्याची अडचण त्यांस दिसत होती. प्रत्येक शेतास जेवढें लागेल तेवढेंच पाणी मोजून मिळण्याची सोय व्हावी, म्हणजे पाणी वायां जाणार नाहीं व शेतकरीही नाडला जाणार नाहीं, असें त्यांनीं सुचविलें.

१८७६ सालीं दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. पाऊस गेला, गुरें दावणीस मेलीं, गांवेंच्या गांवें ओस पडून लोक पोटामागें रस्त्यावर आले. जोतीरावांनीं १८७३ च्या सप्टेंबर महिन्यांत सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्या समाजाच्या वतीनें १८७७ सालीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळांतील मुलांसाठीं अन्नछत्र उघडण्यांत आलें. दूरदूरच्या गांवांतून आलेलीं, आईबापांपासून तुटलेलीं मुलें तेथें जेवूं लागलीं. तीं मुलें पाहून जोतीरावांच्या मनानें एक गोष्ट घेतली असावी असें वाटतें: पाऊस न पडणें हें माणसाच्या हातीं नाहीं, परंतु पडलेला पाऊस शेतांत राहतो कीं नदीवाटे निघून जातो, हें पुष्कळसें माणसाच्या हातीं आहे.

आतां रानाची गोष्ट. जहाजें बांधण्यासाठीं, पुढें आगगाडीच्या रुळांखालीं घालावयाच्या लांकडांसाठीं आणि शहरांतील इमारतींसाठीं पश्चिम घाटांतील झाडें झपाट्यानें तुटत होतीं. या तोडीस आळा घालावा म्हणून मुंबई सरकारनें १८४७ सालीं डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांस रानांचे संरक्षक नेमिलें. हे गिब्सन साहेब पूर्वीं पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी बागेचे प्रमुख होते. तोडीनें झरे आटतात व नद्या गाळानें भरतात, ही काळजी त्यांनीं सरकारपुढें मांडिली होती, आणि ती रास्त होती. परंतु पुढें १८६५ व १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले, आणि रान राखण्याच्या नांवाखालीं गांवचीं गायरानें, पडीत जमिनी व टेकड्यांचे उतार सरकारी हद्दींत जाऊं लागले. ज्या रानांतून गांवचा गरीब शेतकरी पूर्वीं वाळकें जळण, पाला, फळें व फुलें आणीत असे, आणि ज्या कुरणावर त्याचीं दोन गुरें व चार शेळ्या पोसत, तेथें आतां पाऊल टाकिलें तर दंड होऊं लागला. रान राखलें गेलें, पण रानाभोंवतालचा मनुष्य उघडा पडला. मुंबई इलाख्यांत या तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं सरकारास चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें.

जोतीरावांनीं ही गोष्ट त्याआधींच मांडिली होती. १८८३ सालीं त्यांनीं शेतकऱ्याचा असूड हें पुस्तक लिहून पुरें केलें. त्याचे कांहीं भाग दीनबंधु पत्रांत छापून आले. आसूड म्हणजे चाबूक. पुस्तकाची भाषा नांवासारखीच तिखट आहे; सरकारी कामगार, भटभिक्षुक, सावकार, कोणीही त्यांतून सुटलेले नाहींत. परंतु त्या फटक्यांच्या आवाजांत पुस्तकांतील शहाणपण ऐकूं न येणें हा वाचकाचाच तोटा होय. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचें एक कारण त्यांनीं जमिनीच्या थकव्यांत शोधिलें आहे. माणसें वाढलीं, जमीन तेवढीच राहिली, एकदोन वर्षें शेत पडीत टाकून त्यास विसांवा देण्याची सोय उरली नाहीं, गायरानें गेल्यामुळें गुरें घटलीं, गुरें घटल्यामुळें शेण घटलें, आणि शेणाअभावीं मातीचा कस गेला. ही सगळी एकच सांखळी आहे. तिची एक कडी तुटली कीं दुसरी सैल होते. हें त्यांनीं ज्या काळीं लिहिलें, त्या काळीं आपल्याकडे या विषयावर लिहिणारे फार थोडे होते.

केवळ दोष दाखवून ते थांबले नाहींत; उपायही सांगितले. डोंगरउतारावरील पाला, गवत व मेलेल्या जीवजंतूंचें सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून जातें. तें जाऊं नये म्हणून उतारावर ठिकठिकाणीं ताली व बंधारे घालावे, म्हणजे पाणी आधीं शेतांत मुरून मग ओढ्यास मिळेल. पोलीस व लष्करांतील शिपायांस काम नसेल त्या वेळीं हें काम त्यांजकडून करवून घ्यावें. डोंगरदऱ्यांत सोईच्या जागा पाहून तलाव व तळीं बांधावीं. जमिनीखालीं पाणी कोठें आहे हें ओळखणाऱ्या पाणाड्यांकडून गांवोगांवच्या जागा निश्चित करून त्या नकाशावर दाखवाव्या, आणि जो शेतकरी स्वतःच्या बळावर विहीर खणील त्यास बक्षीस द्यावें. नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ पूर्वींप्रमाणें शेतकऱ्यांस नेऊं द्यावा. गायरानें गांवांस परत करावीं. तेथें सरपण गोळा करण्यास व गुरें चारण्यास मोकळीक असावी, परंतु विकण्यासाठीं इमारती लांकूड तोडण्यास मनाई असावी.

शेवटची सूचना मुद्दाम लक्ष देऊन वाचा. जोतीराव गांवकऱ्यांस वाटेल तशी कुऱ्हाड चालविण्याची सनद मागत नव्हते. पोटास लागेल तें घ्यावें, परंतु बाजारासाठीं रान लुटूं नये, अशी मर्यादा त्यांनीं स्वतःच घातली. ज्याचें जगणें रानावर अवलंबून आहे त्यास रानाबाहेर हांकून रान टिकत नाहीं, आणि त्यास रान सोंपवून मर्यादा न घातली तरीही टिकत नाहीं. हक्क व जबाबदारी हीं एकाच बैलजोडीचीं दोन जनावरें आहेत, हें त्यांच्या सर्व सूचनांचें सार आहे.

हा प्रश्न एकट्या दख्खनचा नव्हता. इंग्रजी अंमल जेथें जेथें गेला, तेथें तेथें रान कोणाचें हा वाद उपस्थित झाला. पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट या देशांत, ज्यास आज घाना म्हणतात, सरकारनें पडीत जमिनी व रानें आपल्या व्यवस्थेखालीं घेण्याचा कायदा आणूं घातला. तेव्हां १८९७ सालीं केप कोस्ट शहरीं तेथील शिकलेल्या लोकांनीं व गांवप्रमुखांनीं संस्था स्थापून त्यास विरोध केला, आणि दुसऱ्याच वर्षीं सरकारास तो कायदा मागें घ्यावा लागला. जें रान परक्यास ओसाड दिसतें, तें गांवच्या माणसास ओसाड नसतें. तेथें त्याचें औषध असतें, जळण असतें, पुढल्या वर्षाचें शेत असतें. पुण्यांतील माळ्याचा मुलगा आणि समुद्रापलीकडील ते आफ्रिकी गृहस्थ एकमेकांस कधीं भेटले नाहींत. पण दोघांच्या डोळ्यांस एकच गोष्ट दिसली.

जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा विचार निघाला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें जोतीरावांचें म्हणणें होतें, आणि त्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. त्याच वर्षीं शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं, त्यासही त्यांनीं विरोध केला. सर्वांच्या पैशानें काय करावें व काय करूं नये, याविषयीं त्यांचें माप एकच होतें: सर्वांत खालच्या माणसाच्या पदरांत काय पडतें?

२ मार्च १८८८ रोजीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यांत मेजवानी झाली. निमंत्रितांचे जरीचे पोशाख झळकत होते. जोतीराव मात्र शेतकऱ्याच्या साध्या वेषांत गेले, आणि या दालनांतील हिऱ्यामोत्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करूं नये, खरा देश खेड्यांत अर्धपोटीं आहे, अशा अर्थाचें भाषण त्यांनीं राजपुत्रासमोर केलें. त्याच वर्षीं ११ मे रोजीं मुंबईस मांडवी येथील सभेंत लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढें पक्षघातानें त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं आपलें शेवटचें पुस्तक पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचा अंत झाला. सावित्रीबाई १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां त्याच रोगानें गेल्या.

त्यांच्या मृत्यूस आतां शतकाहून अधिक काळ लोटला. त्यांच्या सूचनांचें काय झालें, असें तुम्ही विचाराल. अहिल्यानगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धि व हिवरेबाजार या दुष्काळी गांवांनीं टेकड्यांवर बांध घालून, चराई व तोड आवरून पाणी जमिनींत मुरविलें, आणि ओसाड शिवारें हिरवीं झालीं. धरणांतील व तलावांतील गाळ काढून शेतकऱ्यांस नेऊं देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवसभांस आपल्या रानाचा हक्क व सांभाळ मिळण्याची वाट झाली, आणि २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा गांवानें तो हक्क मिळविला. १८८३ सालीं एका मनुष्यानें लिहून ठेविलेल्या गोष्टी सव्वाशें वर्षांनंतर एकेक करून खऱ्या ठरत आहेत. याचा अभिमान वाटतो खरा. परंतु मधल्या काळांत किती माती वाहून गेली, याचा खेदही वाटल्यावांचून राहात नाहीं.

पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. सुटीच्या दिवशीं मुलांस घेऊन जोतीरावांचा वाडा अवश्य पाहावा. पुण्याच्या ज्या पेठेस पूर्वीं गंज पेठ म्हणत व आज महात्मा फुले पेठ म्हणतात, तेथें तो जतन करून ठेविला आहे, आणि त्याच्याच आवारांत त्यांची समाधि आहे. तेथें उभे राहून मुलांस हौदाची गोष्ट सांगावी. मग घरीं परतल्यावर आपल्या दारीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईस आपण कोणत्या पेल्यांतून पाणी देतों, याचाही एकदां विचार करावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें इंजिनियर होईल, कोणी वनखात्यांत अधिकारी होईल, कोणी नगरपालिकेंत निवडून जाईल. तुमच्या हातीं नकाशे येतील, शिक्के येतील, आणि अमक्या टेकडीवर कुंपण घालावें कीं नाहीं, अमक्या वस्तीस नळ द्यावा कीं नाहीं, हें एका सहीनें ठरविण्याची सत्ता येईल. सही करण्यापूर्वीं त्या टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या म्हातारीस आणि त्या वस्तींतील घागर वाहणाऱ्या मुलीस एकदां विचारून या. ज्या शाळकरी मुलाच्या हातांतून एकेकाळीं पाटी काढून खुरपें दिलें होतें, त्यानें आपणांस शिकविलेला धडा हाच आहे.